कमी अंक म्हणजे कठीण सुडोकू नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत ‘अतिकठीण’ म्हणून छापलेल्या सुडोकूत जेमतेम २३-२४ अंक दिलेले असतात. सोडवायला घेतले की दर खेपेला कुठल्या तरी घरात एकच अंक बसतो. तो भरला की पुढचा आपोआप सापडतो. दिलेले अंक मोजून काठिण्य ठरवल्याचा हा परिणाम. १७ पेक्षा कमी अंकांत एकच उत्तर असलेले सुडोकू होत नाही, हे डब्लिनचे गणितज्ञ गॅरी मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर तपासून दाखवले. पण १७ अंकांची कोडीही पुष्कळदा सोपीच निघतात.

काठिण्य ठरते ते कोणती युक्ती लागते आणि त्या टप्प्यावर वाटा किती मोकळ्या आहेत यावर. उदाहरणार्थ, तिसऱ्या ओळीत ६ फक्त दुसऱ्या किंवा आठव्या रकान्यात बसू शकतो आणि सातव्या ओळीतही तसेच आहे. मग त्या दोन रकान्यांतल्या बाकी सर्व घरांतून ६ बाद. हीच ‘एक्स-विंग’. हिच्याशिवाय कोडे पुढे सरकत नसेल, तरच ते कठीण. बाजूने दुसरी सोपी वाट उघडी राहिली, तर एक्स-विंग असून नसल्यासारखीच.

बनवताना आधी ८१ घरे भरून घ्यावीत. मग मध्यबिंदूभोवती समोरासमोरच्या दोन-दोन घरांतले अंक काढत जावे. प्रत्येक जोडीनंतर उत्तर एकच उरते का, हे तपासावे; दुसरे उत्तर सापडताच ती जोडी परत ठेवावी. फसगत बहुधा इथे होते : दुसऱ्या ओळीत पहिल्या व तिसऱ्या रकान्यात ४ आणि ७, पाचव्या ओळीत त्याच रकान्यांत ७ आणि ४. ही चारही घरे रिकामी केली, की अदलाबदल करूनही सगळे नियम पाळले जातात आणि कोड्याला दोन उत्तरे होतात. चारांपैकी एक अंक तरी द्यावाच लागतो. तसेच नऊपैकी दोन अंक दिलेल्यांत कुठेच नसतील, तर त्यांचीही अशीच अदलाबदल होते. (असे सदोष कोडे छापून येते, तेव्हा वाचक बिचारा स्वतःलाच दोष देतो.)

यानंतर प्रतवारी. नुसता भराभर उत्तर काढणारा प्रोग्राम इथे कुचकामी. माणसासारखा, सोप्या युक्तीपासून एकेक पायरी चढणारा हवा. त्याची नोंद वाचून सर्वांत अवघड पायरी कोणती आणि कुठे एकच चाल शिल्लक होती, ते पाहावे. कोडे सोपे निघाले, तर जोड्या काढण्याचा क्रम बदलून पुन्हा करावे. १ ते ९ अंकांची नुसती आपापसांत अदलाबदल करून (सगळे ४ तिथे ७, असे) काठिण्य तसूभरही वाढत नाही. जुनेच कोडे नव्या वेषात खपवता येते, एवढेच.

एक मागणी छपाईची. कठीण कोड्यात प्रत्येक घरात संभाव्य अंक बारीक पेन्सिलीने लिहावे लागतात. सध्याच्या घरात दोनही मावत नाहीत. सोपे कोडे लहान छापले तरी चालेल, ‘अतिकठीण’चे घर मात्र निदान एक सेंटिमीटरचे असावे, आणि कागद खोडरबर सोसेल असा.

– एक वाचक