नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे आभार

अकरावीचा ऑनलाइन अर्ज भरताना आमच्यासारख्या घरांना खरी धास्ती असते ती पसंतीक्रमाची. सक्करदऱ्यातल्या वाचनालयात संध्याकाळी बसणाऱ्या ताईंनी लेकीला शेजारी बसवून दहाही कॉलेजांची नावं पेन्सिलीने वर-खाली करून दाखवली. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथेच प्रवेश घ्यावा लागतो, तेव्हा ते नाव मनापासूनचंच हवं, हे त्यांनी आम्हा मायलेकींना नीट समजावलं. बसचं भाडंसुद्धा हिशेबात धरायला लावलं, एवढी काळजी कोण करतं? मोठ्याच्या इंजिनिअरिंगच्या वेळी सेतू केंद्राच्या रांगेत नॉन-क्रीमीलेअरसाठी तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद एकेक करून लावून देणारे दादा, तुमचेही मनापासून आभार. लेकीचा सायन्सला नंबर लागलाय. ताई, पेढे घेऊन वाचनालयात येतोय, नक्की भेटा.