भोवत्यांना झोपू द्या

महोदय,

थंडी पडली की इंदापूर-बारामतीकडच्या माळांवर कॅमेरेवाल्यांच्या गाड्या दिसू लागतात. मीही त्यांच्यातलाच. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हिवाळ्यातल्या बहुतेक सकाळी माझ्या कडबनवाडीच्या माळावर जातात, तेव्हा छंदाला माझा विरोध असण्याचं कारण नाही. पण संध्याकाळी तिथे जे चालतं, ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या हे शिकारी पक्षी थेट मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून हिवाळ्यापुरते आपल्याकडे येतात. गरुड झाडावर रात्र काढतो, बहिरी ससाणा कड्यावर. भोवत्या मात्र जमिनीवर झोपतो, उघड्या गवतात आणि घोळक्यानं. दिवसभर शिवारात पांगलेले पक्षी ऊन कलताच एकेक करून ठरलेल्या पट्ट्यात जमतात. घिरट्या घालतात, बसतात, पुन्हा उठतात, जागा पारखतात. पारखावीच लागते, कारण त्याच माळावर लांडगा आहे, खोकड आहे आणि हल्ली वस्त्यांवरची मोकाट कुत्रीही आहेत. नेमकं त्याच वेळी छान पिवळं ऊन पडलेलं असतं आणि गाड्या चाकोरी सोडून गवतात शिरतात.

गेल्या महिन्यात एका गटानं हेच केलं. पक्षी बसले होते, पण यांना उडतानाचा फोटो हवा होता. जीप गोल फिरवून झाली, हॉर्न वाजवून झाले, शेवटी एक जण खाली उतरून टाळ्या वाजवत गवतातून चालत गेला. सगळा थवा उठला. अंधार पडेपर्यंत मी लांबून पाहत होतो. निम्मे पक्षी त्या जागी परतलेच नाहीत. अशा वेळी उठवलेल्या पक्ष्याला उरलेल्या मिणमिणत्या उजेडात अनोळखी जमीन शोधून रात्र काढावी लागते. मी बोलायला गेलो तर 'काका, आम्ही हात तरी लावला का?' असं उत्तर मिळालं.

हात लावायची गरजच नसते. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत वन्यप्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हुसकावणं, आमिष दाखवणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. गरुड जवळ यावा म्हणून कोंबडीचे तुकडे टाकणाऱ्यांनीही हे वाचावं.

भोवत्याचा चांगला फोटो हवा असेल तर तो सकाळी मिळतो. चाकोरीवरच गाडी उभी करायची, इंजिन बंद, सूर्य पाठीशी, खिडकीवर तांदळाची पिशवी आणि तिच्यावर लेन्स. भोवत्या ज्वारीच्या बांधाबांधानं, गवताच्या हातभर वरून डुलत येतो. गाडी हलली नाही तर तो तिची पर्वा करत नाही. अगदी समोर आला की त्याचा घुबडासारखा गोल चेहरा दिसतो. गवतातल्या उंदराची खुसखुस त्याला या चेहऱ्यामुळे नेमकी टिपता येते. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवलं तर पीस न् पीस सुटं येतं. दहानंतर जमीन तापून हवा हलायला लागते आणि लांबचा कुठलाही फोटो धड येत नाही, मग लेन्स कितीही लाखांची असो. तेव्हा घरी जावं. बाभळीवर बसलेल्या गरुडालाही सकाळी उठवू नये. तापलेली हवा वर चढेपर्यंत तो थांबलेला असतो. त्याआधी उडवला तर त्याला निव्वळ पंखांच्या ताकदीवर उडावं लागतं.

शेतकरी म्हणूनही मला या पक्ष्यांची काळजी आहे. ते न पचलेलं अन्न गोळीच्या रूपात ओकून टाकतात. अशी एक वाळलेली गोळी मी फोडून पाहिली. आत टोळांचे करवतीसारखे काटेरी पाय, उंदराची राखाडी लव आणि नखाएवढा जबडा, पिवळे दात शाबूत असलेला. माझ्या ज्वारीचं नुकसान करणारेच हे जीव, आणि त्यांचा बंदोबस्त भोवत्या फुकट करतो.

वनविभागानं २०२४ मध्ये आमच्या भागात गवताळ सफारी सुरू केली, हे फार चांगलं झालं. गावातल्या पोरांना काम मिळालं, आणि माळ म्हणजे पडीक जमीन हा समजही थोडा हलला. आता त्यांनी एवढं करावं : संध्याकाळची प्रत्येक गाडी सूर्यास्ताच्या तासभर आधी माळाबाहेर काढावी, आणि चाकोरी सोडायला सांगणाऱ्या पाहुण्याची फेरी तिथेच थांबवण्याचा अधिकार गाइडला लेखी द्यावा. आज तो पोरगा टीपच्या आशेनं किंवा भिडेपोटी गप्प बसतो, त्यात त्याचा दोष नाही. फोटोवाल्यांच्या ग्रुपनी झोपण्याच्या जागांची लोकेशन टाकणं बंद करावं. स्पर्धांच्या परीक्षकांनीही मावळतीच्या उजेडात उठलेल्या थव्याचा फोटो आला तर तो कसा काढला, हे आधी विचारावं.

पक्षी अजून मार्चपर्यंत इथे आहेत. वेळेचा नियम पुढच्या हंगामावर न ढकलता याच महिन्यात लागू व्हावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, ता. इंदापूर, जि. पुणे