पेंटरमामा, तुम्ही पत्रा थांबवलात

मामा, सप्रेम नमस्कार.

परळच्या त्या हॉलची भिंत खरवडताना तुम्ही हातातला पत्रा मध्येच थांबवलात आणि म्हणालात, "आधी बघून घ्या, मग खरवडतो." हे पत्र त्या एका वाक्यासाठी आहे. चारचौघांत लिहायचं कारण असं, की प्रदर्शनाच्या फलकावर तुमचं नाव होतं, पण उद्घाटनाच्या भाषणांत ते एकानंही घेतलं नाही. त्या भिंतीवर आम्ही कोळशानं काढलेल्या गिरणी संपाच्या चित्राचं कौतुक भरपूर झालं, भिंतीबद्दल चकार शब्द नाही.

तुमच्या आधी आलेल्या कंत्राटदाराला भिंत म्हणजे नुसते चौरस फूट. पाऊस नुकताच सरलेला, भिंतीत ओल मुरलेली, आणि त्यावर चकाकीच्या प्लॅस्टिक इमल्शनचे दोन हात मारून तो मोकळा झाला. आठ दिवसांत फुगे. ते येणारच होते. इमल्शनचा पापुद्रा ओल सहज बाहेर सोडत नाही, पाण्याबरोबर आलेले क्षार त्याच्यामागे साचतात आणि रंगाचे पोपडे सुटतात. शिवाय त्या गुळगुळीत रंगावर कोळसा धरत नाही, घसरतो. त्याला हे दाखवलं, तर म्हणे फ्लेक्स छापून लावा, कोणाला कळतंय! गिरणी संपावरच्या चित्रासाठी हा सल्ला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला, सुमारे अडीच लाख कामगारांचा, रीतसर कधी मागेच न घेतलेला संप. आणि तो सांगायचा कशावर, तर गिरण्यांच्या जागी उठलेल्या टॉवरांच्या जाहिराती ज्यावर छापल्या जातात त्या फ्लेक्सवर!

तुम्ही पहिल्या दिवशी ब्रश हातात घेतलाच नाहीत. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवलात आणि दुसऱ्या दिवशी उचलून पाहिलात. आतून थेंब. मग आधी गच्चीतली फट बुजवायला लावलीत, खिडक्या उघड्या ठेवायला लावल्यात, आणि थेंब दिसेनासे होईपर्यंत थांबलात. वर आलेला पांढरा खार कोरड्या ब्रशनंच झाडायचा, हे आमच्या पोरांना बजावलंत. पाण्यानं पुसला तर तो विरघळून पुन्हा भिंतीतच जातो.

आणि मग ती अक्षरं. इमल्शनखाली जुना डिस्टेंपर होता, त्याच्या कडेला लाल रंगाची एक रेघ डोकावली. पत्र्याचा आणखी एक फटकारा, की ती गेली असती. मजुरी तेवढीच मिळणार होती, कोणी विचारणारही नव्हतं. तुम्ही मात्र पत्रा खाली ठेवून हाक मारलीत. वरचा डिस्टेंपर 'ड्राय' जातीचा, म्हणजे पाण्यानं सुटणारा. खालची अक्षरं ऑइल पेंटची, म्हणजे पाण्याला न बधणारी. हे ओळखून तुम्ही ओल्या स्पंजानं एकेक वीत भिजवत, दोन-तीन मिनिटं थांबत, वरचा थर उचलत गेलात. घासलं नाहीत, कारण अक्षरांखाली चुना होता आणि तो ढिला झाला असता तर अक्षरंही निघून आली असती. संध्याकाळपर्यंत भिंतीवर उभं राहिलं: 'गिरणी काम'. पुढचं 'गार' कधीतरी पोपड्याबरोबर गेलेलं. त्या तुटलेल्या शब्दाभोवती अख्खं चित्र नव्यानं मांडलं गेलं. चित्रातली माणसं त्या शब्दाच्या उजवीकडे, रिकाम्या जागेत उभी राहिली. अक्षरांना फलकावर मुद्दाम तारीख दिली नाही. ती ज्यानं लिहिली त्याच्या तोंडी आपलं साल घालायचं नाही, हे तुमच्याकडूनच शिकण्यासारखं होतं.

संकटावर बोलणाऱ्या चित्राचं निम्मं म्हणणं त्याच्या सामानात असतं. मुंबईच्या दंगलींनंतर, १९९३ साली, चित्रकार विवान सुंदरम यांनी 'मेमोरियल' ही कलाकृती केली, तेव्हा छायाचित्रकार होशी जाल यांनी टिपलेला, रस्त्यात मरून पडलेल्या एका माणसाचा वर्तमानपत्रातला फोटो घेतला आणि त्यावर खिळे ठोकले. नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या माडीवर तेव्हा असलेल्या केमोल्ड गॅलरीत थेट भिंतींवर चित्रं काढली; प्रदर्शन संपलं आणि ती पुसली गेली. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीतली माणसं प्रभाकर पाचपुते कोळशानंच भिंतीवर उभी करतात. अशा कामात भिंत तयार करणारा हात चित्राबाहेरचा कसा म्हणायचा?

आमची भिंत तुम्ही तयार केलीत ती अशी: चुन्याचे तीन पातळ हात, प्रत्येक हाताआधी भिंत ओलावून, मध्ये एकेक दिवस. शेवटच्या हातात संगमरवराची बारीक पूड, म्हणजे कोळशाला धरायला खरखर मिळते. नीळ घातली नाहीत, कारण निळसर पांढऱ्यावर कोळसा थंड दिसतो. शेवटी १२० नंबरचा पॉलिश पेपर, तोही हलक्या हातानं. चित्र झाल्यावर कोळसा झडू नये म्हणून फवारायच्या लाखेसाठी घाई चालली होती, तेव्हाही तुम्हीच थांबवलंत: ताज्या चुन्यावर लाख टिकत नाही, चुना तिला विरघळवतो. पंधरा दिवस जाऊ दिले. मग लिटरभर स्पिरिटमध्ये वीस ग्रॅम चपडा लाख, कोरड्या हवेच्या दुपारी, तीन फुटांवरून. दमट हवेत मारली असती तर काळ्यावर पांढरट धुकं धरलं असतं.

क्रांतीवर तासभर बोलणारी माणसं या शहरात पुष्कळ भेटतात. दुसऱ्यानं लिहिलेल्या शब्दापाशी हात थांबवणारी फार थोडी भेटतात, आणि ती बहुतेकदा शिडीवर उभी असतात.

प्रदर्शन संपल्यावर आमचं चित्र ठरल्याप्रमाणे पुसलं गेलं. तेही तुम्हीच केलंत: आधी सुक्या फडक्यानं, वरून खाली, मग चुना. अक्षरांच्या कडेला मात्र रोलर नेला नाहीत. एक इंची ब्रश घेऊन 'गिरणी काम'च्या भोवती हातानं कड मारलीत.

मामा, तुमचं बिल आलंय. त्यात अक्षरं सोडवली त्या दिवसाची मजुरी धरलेली नाही. ती धरा आणि बिल पुन्हा पाठवा. रोजीचा दर नेहमीचा नको, कसबी कारागिराचा लावा.

तुमची ऋणी,
भिंतीवर चित्र काढणारी मंडळी