गार्थबाईंचे ९२ पौंड

कॉव्हेंट्री

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मागे तुम्ही फोनवर विचारलंत, की दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत असं काय आहे, की त्यासाठी चांगली नोकरी सोडून पोरीने एवढ्या लांब जावं. रागाने विचारलं नव्हतंत, हे मला ठाऊक आहे. मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं, कारण खरं उत्तर आपल्या घरातून जातं आणि ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईने अजून डोळ्यांना ताण द्यायचा नाही, तेव्हा तुम्हीच तिला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

आमच्या अभ्यासक्रमात ऑस्टिन, डिकन्स, हार्डी असे सगळे आहेत. लोभ, ढोंग, पश्चात्ताप हे प्रत्येकाकडे आहे. डिकन्सकडे वाईटाला बहुधा शासन होतं आणि वाचणाऱ्याला बरं वाटतं. हार्डीकडे भल्या माणसांचीच वाताहत होते. पण मला झोपू दिलं नाही ते जॉर्ज एलियटने. नाव पुरुषाचं असलं तरी ही बाई, मेरी अ‍ॅन इव्हान्स. १८१९ साली ननीटनजवळ जन्मली. ते गाव इथून आगगाडीने अगदी जवळ आहे, मी जाऊन आले. गावात तिचा पुतळा आहे. ती जिथे वाढली त्या ग्रिफ हाउसमध्ये आता हॉटेल चालतं. वडील एका बड्या जमीनदाराच्या इस्टेटीचे कारभारी होते. आई गेल्यावर वडिलांचं घर हिनेच सांभाळलं, आणि १८४१पासून बापलेक याच कॉव्हेंट्रीत राहत होते.

१८४२च्या जानेवारीत, २२ वर्षांची असताना, तिने वडिलांना सांगितलं की मी चर्चमध्ये येणार नाही, माझा आता विश्वास राहिलेला नाही. वडील इतके दुखावले की घर मोडायची भाषा झाली. काही महिन्यांनी तोडगा निघाला: ती त्यांच्यासोबत चर्चमध्ये जाईल, तिथे बसून मनात काय विचार करायचा तो तिचा प्रश्न. पुढे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हा १८४९मध्ये ते जाईपर्यंत तिनेच त्यांची शुश्रूषा केली. मला या तोडग्याबद्दल फार आदर वाटतो. देवावरचा विश्वास गेल्यावर चांगलं का वागायचं, हा प्रश्न तिच्यापुढे खराखुरा उभा होता, आणि मला वाटतं, तिच्या सगळ्या कादंबऱ्या त्याचंच उत्तर शोधतात.

त्यांतली सर्वांत मोठी ‘मिडलमार्च’. १८७१-७२मध्ये ती आठ भागांत निघाली, गोष्ट मात्र त्याच्या चाळीस वर्षं आधीच्या एका गावातली. पात्रं पुष्कळ आहेत, सगळी सांगत नाही. मला सांगायचंय ते गार्थ कुटुंबाबद्दल.

केलेब गार्थ हा जमिनी-इमारतींची कामं बघणारा माणूस. कामात वाघ, पण पैशाच्या व्यवहारात कच्चा, कुणालाही नाही म्हणता न येणारा. त्याच्यात एलियटच्या वडिलांची छाया दिसते असं अभ्यासक मानतात. गावातला फ्रेड विन्सी हा खात्यापित्या घरचा, मनाने चांगला पण बेफिकीर मुलगा. त्याच्यावर घोड्यांच्या व्यापाऱ्याचं कर्ज झालं. १६० पौंडांच्या हुंडीवर केलेबने त्याच्यासाठी सही केली आणि बायकोला सांगितलं नाही. फ्रेडची खात्री होती की पैसे कुठून तरी येतीलच. घोडा विकून नफा करायला गेला, तर तो नवा घोडा तबेल्यात लाथा झाडून स्वतःच लंगडा झाला. हुंडीची मुदत आली तेव्हा फ्रेडच्या हातात होते ५० पौंड.

तो गार्थांच्या घरी सांगायला जातो ते प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलंय. गार्थबाई स्वयंपाकघरात कणीक मळता मळता दोन लहान मुलांना व्याकरण शिकवतायत. लग्नाआधी त्या शिक्षिका होत्या आणि अजूनही शिकवण्या करतात. फ्रेड सगळं सांगतो. केलेब गोंधळून बायकोकडे बघतो. त्या रागावत नाहीत, फ्रेडला टोचूनही बोलत नाहीत, त्यांचं सगळं लक्ष हिशेबात असतं. आपल्या मुलाला, आल्फ्रेडला काम शिकायला घालण्यासाठी साठवलेले ९२ पौंड माझ्याकडे आहेत, एवढंच म्हणतात. उरलेल्या १८ पौंडांसाठी केलेब थोरल्या मेरीकडे जातो. ती एका आजारी म्हाताऱ्याकडे नोकरीला आहे. बाबा येणार हे ओळखून तिने आपले साठवलेले २४ पौंड पिशवीत तयार ठेवलेले असतात.

फ्रेडला त्या क्षणापर्यंत एकच दुःख होतं: आपली अब्रू जाईल, गार्थांच्या नजरेतून आपण उतरू. आपल्या कर्जामुळे कुणाच्या मुलाचं शिक्षण थांबेल, कुणाची कष्टाची पुंजी जाईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. एलियट इथे थांबते आणि म्हणते (शब्द माझे, म्हणणं तिचं), की वाईट का करू नये याचं सर्वांत थोर कारण म्हणून आपल्याला जे शिकवलं जातं, त्यात त्या वाईटाची झळ ज्यांना लागणार त्या माणसांचा संबंधच नसतो.

पाप लागेल. घराण्याचं नाव जाईल. लोक काय म्हणतील. चारचौघांत मान खाली जाईल. लहानपणापासून मीही हेच ऐकलं, आणि यांतल्या प्रत्येकात मध्यभागी ‘मी’ आहे. माझं पाप, माझं नाव, माझी मान. ज्याचं नुकसान झालं तो माणूस कुठे आहे?

बाबा, आता आपल्याकडे येते.

मी आठवीत होते. तुमच्या ऑफिसातल्या त्या काकांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि जामीनदार म्हणून सही तुम्ही केलीत. हप्ते थकले, मग तुमच्या पगारातून कपात सुरू झाली. आईच्या पाटल्या गेल्या. पोस्टात तिने शिकवणीच्या पैशांतून साठवलेलं होतं, तेही गेलं. घरात मोठ्याने कुणी काही बोललं नाही. पण नातेवाईक यायचे, आणि दोनच गोष्टी बोलल्या जायच्या. कुणी म्हणायचं, तुमचे बाबा देवमाणूस आहेत. कुणी म्हणायचं, भोळा सांब आहे, कुणीही फसवतं. बरीच वर्षं माझ्याही मनात हाच खटला चालू होता, की बाबा थोर की बाबा भोळे. गार्थांचं प्रकरण वाचल्यावर कळलं की खटल्याचा विषयच अपुरा होता. दोन्ही बाजू तुमच्याबद्दलच बोलत होत्या. पोस्टातल्या त्या पैशांबद्दल कुणी एक अक्षर बोललं नव्हतं.

मेरीचं फ्रेडवर प्रेम आहे. तो तिच्याकडे येऊन विनवतो, मला क्षमा कर. ती तळमळून म्हणते, मी क्षमा केली न केली त्याने काय फरक पडतो? चार वर्षं शिकवण्या करून आईने मिळवलेले पैसे तेवढ्याने परत येणार आहेत का? हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून फिरायला निघून गेले. प्रेम करणाऱ्या माणसाने, प्रेम जराही कमी न होता, हा प्रश्न विचारावा, हे मला फार मोठं वाटतं. पुढे फ्रेडला मार्गावर आणतात तेही गार्थच. केलेब त्याला हाताखाली घेतो, अगदी अक्षर सुधारण्यापासून काम शिकवतो. त्या घराने त्याला सामावून घेतलं, पण ९२ पौंड गेलेच नव्हते असं कुणी दाखवलं नाही.

केलेबचं दुसऱ्याच्या दोषांबद्दल मौन बाळगणं मला तुमच्यासारखं वाटतं, बाबा. गावचा बँकवाला बुलस्ट्रोड मोठा धार्मिक म्हणून मिरवतो. त्याचं जुनं पाप केलेबला कळतं, तेव्हा केलेब त्याच्याकडचं चांगल्या मिळकतीचं काम सोडतो आणि कारण गावात कुणालाही सांगत नाही. तुम्हीही त्या काकांबद्दल आमच्यासमोर कधी वाईट शब्द काढला नाहीत.

बुलस्ट्रोडचं पाप काय? एका श्रीमंत विधवेशी लग्न करताना, तिची हरवलेली मुलगी जिवंत आहे हे कळूनही त्याने दडवलं, म्हणजे सगळा पैसा आपल्याकडे यावा. मग आयुष्यभर प्रार्थना, दानधर्म, इस्पितळाला मदत. देवाशी त्याचा हिशेब रोज चालतो, पण त्या मुलीचं नाव वहीत कुठे नाही. पुढे गुपित जाणणारा रॅफल्स आजारी पडतो. डॉक्टरांनी दारू द्यायची नाही असं बजावलेलं असतं. थकलेली मोलकरीण रोग्यासाठी ब्रँडी मागते, आणि बुलस्ट्रोड कपाटाची किल्ली तिच्या हातात देतो. स्वतः काहीच करत नाही, प्रार्थना मात्र करतो. फ्रेडची बेफिकिरी आणि हा भयंकर प्रकार, दोन्हींच्या मुळाशी एलियटला एकच गोष्ट दिसते, असं मला वाटतं. समोरच्या माणसाचं असणं त्यांना जाणवलेलंच नाही.

आणि मग त्याची बायको, हॅरिएट. नटण्यामुरडण्याची हौस असलेली साधी गृहिणी. भावाकडून तिला सगळं कळतं. ती खोलीचं दार लावून घेते, मनसोक्त रडते. मग अंगावरचे दागिने उतरवते, साधा काळा झगा घालते आणि खाली नवऱ्याजवळ जाऊन म्हणते, निकोलस, वर बघ. दोघं शेजारी बसून रडतात. एलियटने त्याचा गुन्हा एका शब्दानेही हलका केलेला नाही, आणि या बाईचं त्याच्याजवळ जाणंही लहान केलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एका पानावर मावतात, हे मला इथे येऊन शिकायला मिळालं. तुम्ही विचारलं होतंत ना, काय आहे या पुस्तकांत, ते हे आहे.

बाबा, आता एक वाक्य राहिलं, आणि ते आईला तुमच्या तोंडून ऐकू यावं असं मला मनापासून वाटतं. मेरीकडून १८ पौंड घेऊन निघताना केलेब तिला फ्रेडबद्दल सावध करतो. बाई कितीही गुणी असो, नवरा जसं आयुष्य घडवील तसं तिला सोसावं लागतं, असं म्हणतो, आणि पुढे म्हणतो: तुझ्या आईला माझ्यामुळे पुष्कळ सोसावं लागलंय. १८७१-७२मधल्या पुस्तकात एका बापाने लेकीला हे सांगितलंय. यात तुम्हाला दोष देण्याचा हेतू अजिबात नाही. तुम्ही पुन्हा तशीच सही केली असती, हे मला माहीत आहे, आणि तुमची मुलगी असल्याचा मला अभिमान आहे.

आई, तुला एक विचारायचंय. गार्थबाईंचे ९२ पौंड कशासाठी होते हे मला माहीत आहे, आल्फ्रेडसाठी. पोस्टातले ते पैसे तू कशासाठी ठेवले होतेस? आमच्या शिक्षणाचं तर पुढे कसंबसं झालंच. तुझं स्वतःचं काही होतं का त्यात? तू शिकवण्या घ्यायचीस तेव्हा बी.एड. करायचं म्हणायचीस, ते होतं का? फोनवर विचारलं तर तू ‘जाऊ दे गं, जुनं झालं’ म्हणशील. म्हणून सांगते, डोळे पूर्ण बरे झाले की तुझ्या हाताने लिही. तोपर्यंत घाई नाही. बाबांना सांगून लिहून घेऊ नकोस.

थेंब वेळेवर घाल. बाबा, गुडघ्याचं दुखणं अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवून या.

तुमची,
धाकटी