पालखी शुक्रवारी आपल्याकडे येतेय

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

दादाने काल सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, पण त्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. ऑफिसच्या जिन्यात चक्कर आली, हिमोग्लोबिन ८.२ निघालं, एवढंच बोलला. फोन केला असता, पण फोनवर तू "बरी आहे गं मी" म्हणतेस आणि विषय तिथेच संपतो. म्हणून लिहायला बसले. तब्येतीवर फार लिहायचं नाही, इकडची खबरबात द्यायची, असं ठरवलंय.

शुक्रवारी पालखी आपल्या वाडीत येतेय. आपले तेरसे शिमगे ना, होळी त्रयोदशीलाच, म्हणजे पलीकडच्या गावाची होळी पेटायच्या आधीच आपला होम झालेला असणार. मुंबईची मंडळी यायला लागलीत, काकूच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. तुळशीपाशी अंगणातलं खळं पार उखडलं होतं. बाबांनी तेवढा भाग खणून माती भिजवली आणि दोन दिवस चोपण्याने बडवली. काल मी सारवून घेतलं. कंबर धरली आहे, पण खळं असं झालंय की वर भात सांडला तर उचलून खावा.

खालच्या आंब्याच्या कलमांना फळ सुपारीएवढं झालंय. वरच्या अंगाला मोहोर उशिरा आला आणि त्याच्यावर तुडतुडा पडला. पानाला हात लावला की चिकट लागतं, काही पानं तर काळी पडायला लागलीत. बाबा रोज सकाळी फांदी वाकवून बघतात आणि काही न बोलता पोफळींना पाणी सोडायला जातात. त्यांची काळजी तशीच असते. तुझं कळल्यावरही ते काही बोलले नाहीत, फक्त रात्री जेवताना विचारलं, "तिकडे हिला भाकरी कोण करून देतं?"

जेवतेस ना गं वेळेवर?

भाताच्या रोपांसाठी दाढीची भाजावळ आटोपली. वारा पडलेला बघून पहाटेच पेटवली, नाहीतर ठिणगी काजूत जायची भीती. काजू या वर्षी छान धरलाय. सकाळी बिया वेचायला गेले की तू आठवतेस. बी पिळून टोपलीत टाकायची आणि बोंडू तोंडात, असं तुझं दुपारपर्यंत चालायचं. त्या पिवळ्या फ्रॉकवरचे डाग मी राखेने, लिंबाने, कशाकशाने घासले, गेले नाहीत. तेव्हा तुला खाऊ नको म्हणून ओरडावं लागायचं. आणि शिमग्याचं सोंग, तो संकासूर आला की घाबरून आजीच्या लुगड्यात शिरायचीस. पुढच्याच वर्षी त्याच्या मागे मागे नाचत पार पालखीच्या सहाणेपर्यंत गेलीस आणि अख्खी वाडी तुला शोधत होती. हीच पोर पुढे एकटी पुण्याला जाऊन नोकरीला लागली, हे मी मीटिंगला गेले की बाकीच्या अंगणवाडी सेविकांना सांगत असते. त्या हसतात, आता हिचं सुरू झालं म्हणून. हसू देत.

पण तुला सांगते, सोमवारी शाळा सोडलेल्या मुलींना ती लोहाची निळी गोळी मी माझ्यासमोर गिळायला लावते. त्यांच्या आयांना सांगते, बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली जाता कामा नये, ८ च्या खाली गेलं तर तीव्र पंडुरोग. आणि माझ्या घरात ८.२! गोळी सुरू केलीस तर चहाबरोबर घेऊ नकोस, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबू सरबताबरोबर घे. शौचाला काळं झालं तर घाबरून बंद करू नकोस, ते गोळीमुळे असतं. आकडा वर आला तरी डॉक्टर सांगतील तितके महिने घे, कारण अंगातला साठा भरायला वेळ लागतो. आणि मुळात उतरलं कशामुळे ते शोधायला हवं. पाळीत जास्त जातं का, हे डॉक्टरीणबाईंना स्पष्ट सांग, लाजू नकोस. मैत्रिणीला सांगतेस ना, मग डॉक्टरला का नाही? डब्याच्या पोळीभाजीवर आणि रात्री दोन बिस्किटांवर माणूस किती दिवस ओढणार? सकाळची न खाता निघतेस हेही दादाच म्हणाला.

झालं, अंगणवाडीतल्यासारखं भाषण दिलं तुला. रागावू नकोस. दिवसभर दमून आलेल्या पोरीला हे वाचायला लावणं बरं नव्हे, पण लिहिलेलं आता खोडत नाही.

रजा मिळाली नाही तर शिमग्याला येऊ नकोस, धावतपळत रात्रीचा प्रवास या अवस्थेत मुळीच नको. पालखी खळ्यात आली की तुझ्या नावाची ओटी मी भरेन. गुरव विचारतील काय गाऱ्हाणं घालू, तर काय सांगायचं ते मी ठरवलंय. ते इथे लिहीत नाही.

दादा रविवारी रात्रीच्या गाडीने पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर नाचणीचं पीठ, अळीव, ओले काजूगर आणि शेवग्याचा पाला सुकवून दिलाय. पाला मूठभर आमटीत टाकायचा, वेगळी भाजी करत बसू नकोस. काजूगर लगेच फ्रीजमध्ये ठेव, गाडीत तापलेले असतील. एकटीच खा, रूमवरच्या मुलींना पुढच्या वेळी वेगळे पाठवीन.

बाबांचे आशीर्वाद.
तुझी,
आई

ता. क. रक्त परत कधी तपासायचं ते सांगितलंय का? रिपोर्टचा फोटो आधी मला पाठव, दादाला नंतर.