सर्व्हर लॉगमधल्या एसीपीआय एररबद्दल
सभासदहो, आपल्या लिनक्स सर्व्हरच्या लॉगमध्ये 'बफरची लांबी 66 हवी, मिळाली 32' अशा अर्थाची एसीपीआय (ऑपरेटिंग सिस्टिमने हार्डवेअर व वीजवापर हाताळण्याची प्रमाणित पद्धत) एरर सारखी पडते आहे. घाबरून रॅम किंवा डिस्क बदलायला काढू नका. मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर सेन्सर वाचताना दर वेळी वीजवापराचा आकडाही मागतं, आणि तिथे कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) मॉड्यूल व सर्व्हरचं फर्मवेअर (हार्डवेअरमधलं अंगभूत सॉफ्टवेअर) यांचं जुळत नाही.

मॉनिटरिंग दहा मिनिटं थांबवून पाहा. ओळी थांबल्या तर कारण हेच. मग 'एसीपीआय पॉवर मीटर' हे कर्नलचं मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करून (म्हणजे ते आपोआप लोड होणार नाही असं करून) रीबूट करा. वीजवापराचा आकडा जाईल, तापमानाचे राहतील.

लॉगच बंद करणं मात्र कृपया टाळा. याच गर्दीत परवा डिस्कची खरी एरर माझ्या नजरेतून निसटली होती.