ल मॉर्नहून शुभाला पत्र

ला गोलेत, मॉरिशस
१९ जुलै

प्रिय शुभा,

आम्ही दोघं सुखरूप आहोत, हे आधी वाच. श्रीकांतच्या पोटरीला प्रवाळाने चिरलंय, माझे तळहात सोलवटलेत, बाकी काही नाही. पण परवा दुपारी आम्ही समुद्रात ओढले गेलो होतो, आणि त्यात माझी एक चूक आहे जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही. फोनवर बोलायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहिते आहे. आपल्या देवबागच्या खाडीचं पाणी माझ्याबरोबर पाहिलेलं माणूस तूच.

तुला माहीतच आहे, सासूबाईंच्या आजारपणाची दोन वर्षं श्रीकांतने त्यांच्या उशाशी काढली. त्या गेल्यावरही हा घरात असून नसल्यासारखा. लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून मुलीने हट्टाने ही तिकिटं काढून दिली. इथे एका घरगुती गेस्टहाउसात उतरलोय. मालकीणबाईंचे पणजोबा गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यात आले. बाई बोलतात क्रिओल, पण गणपतीत त्यांच्याकडे ‘झाकरी’ नाचतात. अगं, आपली जाखडीच ती! त्यांनी चार पावलं करून दाखवली आणि श्रीकांत मोठ्याने हसला. तसं हसताना मी त्याला कितीतरी दिवसांनी पाहिलं.

तर परवा. ल मॉर्न हा ५५६ मीटर उंच काळा कडा समुद्रातच पाय सोडून बसलाय. मळ्यांतून पळालेले गुलाम एके काळी त्याच्या माथ्यावर लपून राहत. पायथ्याशी पांढरी वाळू, पुढे कंबरभर पाण्याचं लगून आणि दूरवर प्रवाळाच्या रांगेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. दोन माणसांची कायाक, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, भाड्याने घेतली. देणाऱ्याने लाइफ जॅकेटं अंगावर चढवली, ‘रांगेच्या आतच राहा’ म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. बेनितिए बेटाच्या दिशेने जाऊन यायचं, एवढाच बेत. श्रीकांतने सगळं वाचून ठेवलं होतं. म्हणाला, इथे भरती-ओहोटीत जेमतेम अर्ध्या मीटरचा फरक असतो, ओहोटीची भीती नाही. ते खरंच होतं, पण त्यावर आम्ही विसंबलो.

किनाऱ्यावर पान हलत नव्हतं. कारण सोपं होतं, आम्ही डोंगराच्या आडोशाला होतो. जुलै-ऑगस्ट म्हणजे इथला हिवाळा, आणि तेव्हा आग्नेयेकडून व्यापारी वारा दिवसच्या दिवस वाहतो. आडोसा संपला तशी कायाक एकदम हलकी झाली. वल्हं नुसतं टेकवलं तरी पुढे पळत होती. श्रीकांत पुढे बसलेला, मान मागे करून म्हणाला, ‘बघ, जमतंय की आपल्याला!’

शुभा, मला तेव्हाच कळलं होतं.

पाठीला वारा लागत होता, तो जमिनीवरून समुद्राकडे जाणारा, आपल्या मतलईसारखा. खाली पाहिलं तर तळातलं शेवाळ सगळं एकाच बाजूला, बाहेरच्या बाजूला, लवलेलं. तुझे बाबा संगमावर काय म्हणायचे ते कानात वाजलं, ‘वारो पाठीक आसलो काय परतीचो इचार आदी करूचो, गो.’ आणि तरी मी गप्प राहिले. त्याच्या पाठीकडे बघत राहिले. ती पाठ दोन वर्षांनी सरळ झाली होती, तिला ‘मागे फिर’ कसं म्हणू? दहा मिनिटं तरी मी काही बोलले नाही. पाण्यात ती दहा मिनिटं फार मोठी असतात.

बेटाच्या अलीकडे प्रवाळाच्या रांगेत एक खिंड आहे. लाटा रांगेवरून सारखं पाणी आत लोटत असतात, आणि ते सगळं पाणी बाहेर पडतं ते अशा खिंडींतूनच. त्यासाठी ओहोटीची गरज नसते. देवबागला कार्ली नदीच्या मुखाशी ओहोटीला जी ओढ लागते ना, ती इथे दिवसभर चालू. तळ दिसेनासा झाला. हिरवं पाणी निळं झालं, मग काळपट. तेव्हा मी ओरडले. श्रीकांतने कायाक वळवायला घेतली, वारा आडवा लागला, बाहेरून आलेली एक उसळी बगलेत बसली आणि आम्ही दोघं पाण्यात.

भीतीपेक्षा आधी आठवतो तो आवाज. रांगेवर फुटणाऱ्या लाटांची घरघर पाण्यात असताना छातीत ऐकू येते. एक वल्हं गेलं. श्रीकांत त्याच्यामागे पोहायला लागला, मी त्याच्या जॅकेटचा पट्टा धरून किंचाळले, ‘वल्हं सोड, होडी धर!’ तेवढं एक मी वेळेवर बोलले. आम्ही कायाक सुलटी केली. तो एका बाजूने धरून ठेवी, मी दुसऱ्या बाजूने पाय मारत पोटावर सरकून चढायची आणि परत घसरायची. चौथ्या खेपेला चढले. त्याला वर घेताना कायाक पुन्हा उलटली, तेव्हा एका खडकाने त्याची पोटरी फाडली. तो म्हणाला, ‘तू चढून बस, मी धरून राहतो.’ मी नाही म्हटलं. नंतर किती वेळ आम्ही तसेच होतो, सांगता येत नाही. दोघांचे हात कायाकच्या पोटावरून एकमेकांच्या मनगटात अडकवलेले. बोलणं काहीच नाही. किनारा तर दिसत होता, छत्र्यासुद्धा मोजता आल्या असत्या.

मासेमारीहून परतणारी एक पिरोग, म्हणजे इथली लाकडी होडी, तिने आम्हाला पाहिलं. होडीतले दोघं म्हातारेच होते. जवळ येताच त्यांनी इंजिन बंद केलं आणि दोर टाकला. त्यांच्यातला एकजण सारखा ‘दूसमाँ, दूसमाँ’ म्हणत होता, म्हणजे हळूहळू. मला वर ओढताना त्याने माझं डोकं तळहातावर तोललं, काठावर आपटू नये म्हणून. होडीत दोऱ्याचा, डिझेलचा आणि माशांचा वास होता. तुमच्या पडवीचा वास. मी तिथे बसून इतकी रडले की श्रीकांत घाबरला. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मालकीणबाईंनी काल त्यांच्या घरी नेलं, तेव्हा चहा पिऊन आलो.

काल रात्री श्रीकांतने विचारलं, ‘तू लहानपणी खाडीवर वाढलीस, तुला आधी काहीच जाणवलं नाही?’ मी जाणवलं म्हणून सांगितलं. का बोलले नाही, तेही सांगितलं. तो खूप वेळ माझ्या तळहातांना खोबरेल लावत बसला. मग म्हणाला, ‘मी इतका खूश दिसत होतो?’

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. गणपतीत येतेच आहे. ते पडवीत जाळं विणत बसले असतील तेव्हा मी स्वतः त्यांना सांगेन, त्यांचं वाक्य मला आठवलं होतं म्हणून.

तुझी,
वसू